तीन नंबरचा ट्रॅक

आमच्या बिल्डिंगमध्ये रविवारी सकाळी अकराला बेल वाजली की समजायचं, दुसऱ्या मजल्यावरचे म्हात्रे नाना पंखे बंद करायला आलेत. स्वतःचे नाही, आपले. दारात उभे राहून ते ओठांवर बोट ठेवतात आणि म्हणतात, "रेकॉडिंग चालू हाय." मग आपण पंखा, मिक्सर, वॉशिंग मशीन आणि जमलं तर मुलं बंद करायची. एप्रिलमध्ये कामोठ्यात पंख्याशिवाय बसणं काय असतं, ते बसणाऱ्यालाच ठाऊक.

बरं, रेकॉर्डिंग-बिकॉर्डिंग काही चालू नसतं. नानांच्या जुन्या कॅसेटी माझ्या कॉम्प्युटरवर उतरवायचं काम चालू असतं. आवाज वायरीतून जातो, पंख्याची घरघर वायरीत शिरत नाही, हे मी त्यांना वीसेक वेळा तरी सांगितलं असेल. ते शांतपणे ऐकून घेतात आणि उठून माझाच पंखा बंद करतात. "वायरीला पन कान असतात, मास्तरीन."

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. ही गोष्ट सोसायटीत फुटली की माणसाचा सार्वजनिक नळ होतो. कुणाचा प्रिंटर, कुणाचा पासवर्ड, कुणाच्या भाचीचा बायोडेटा. आठवडाभर साठ-साठ पोरांपुढे घसा फोडायचा आणि रविवारी हे. आमचे मिस्टर म्हणतात, "जरा नाही म्हणायला शीक." हेच मिस्टर नानांनी आणलेल्या जवळ्याची चटणी बोटं चाटून खातात.

नाना मूळ कामोठे गावातले, आगरी. तरुणपणी ते आणि त्यांचा धाकटा भाऊ बाळाराम हळदीला गाणी म्हणायला जायचे. गाणार नाना, ढोलकीवर बाळाराम. त्यांच्याशिवाय आसपासच्या गावांत कुणाला हळद लागत नसे, असं नाना सांगतात. नानांच्या मेव्हण्यानं तेव्हा बोटीवरच्या नोकरीतून एक मशीन आणून दिलं. साध्या कॅसेटवर चार वेगवेगळे ट्रॅक भरणारा रेकॉर्डर. एकावर नाना, दोनवर पेटी, तीनवर ढोलकी, चारवर बायकांचा कोरस. ते मशीन नानांनी अजून दुपट्यात गुंडाळून ठेवलंय.

माझ्याकडे यायच्या आधी त्यांनी कॅसेटी एका दुकानात दिल्या होत्या. दुकानदारानं साध्या टेपवर लावून दोन्ही बाजू इमानदारीत उतरवून दिल्या. आता ह्या मशीनच्या कॅसेटला दोन बाजू नसतातच. चारी ट्रॅक एकाच दिशेनं आणि दुप्पट वेगानं भरतात. त्यामुळे पहिल्या बाजूला नाना पाणी मागणाऱ्या म्हशीसारखे हळूहळू हंबरत होते आणि दुसऱ्या बाजूला बायका शेवटाकडून सुरुवातीकडे गात होत्या. नानांनी ते हॉलमध्ये मोठ्यानं लावलं. खालून वॉचमन धावत आला. शेजारच्या काकूंनी देवापुढे दिवा लावला, म्हणे.

म्हणून मग मशीन, कॅसेटी आणि नाना माझ्या घरी. मशीनचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणाऱ्या माझ्या डबीत एका वेळी दोनच वायरी जातात, म्हणून प्रत्येक गाणं दोनदा वाजवायचं. आधी एक आणि दोन नंबर, मग तीन आणि चार. जुनी कॅसेट दोन्ही वेळा सारख्या वेगानं चालेल तर शपथ. मग कॉम्प्युटरवर ढोलकीच्या थापेला थाप जुळवत बसायचं. एका गाण्याला एक रविवार. मी खरंच कंटाळले होते.

हा सगळा खटाटोप नातीच्या हळदीसाठी होता. डीजेच्या आधी आजोबांची गाणी वाजणार, शेवटचं गाणं आजोबा स्वतः गाणार. नानांची अट एकच. "तीन नंबर बंद ठेव. माझ्या नातीच्या हलदीला त्याचा हात नको."

बाळाराम आमच्याच बिल्डिंगमध्ये पाचव्या मजल्यावर राहतात. बिल्डिंग उभी आहे तो प्लॉट दोघा भावांचा, सरकारनं घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेला. रस्त्याकडचा गाळा कुणाचा, यावरून अठरा वर्षं बोलणं बंद. लिफ्टमध्ये एक असला तर दुसरा जिना चढतो. पंखे बंद करायच्या फेरीतसुद्धा नाना चौथ्यापर्यंत जातात आणि पाचव्यावर मला पिटाळतात.

सगळी गाणी उतरवून झाली आणि पहिलं गाणं जुळून तयार झालं. मी तीन नंबर बंद केला. नाना डोळे मिटून ऐकायला लागले आणि अर्ध्या मिनिटात डोळे उघडले.

"अजून वाजतंय. काढ त्याला."

"नाना, तो बंदच आहे. हा तुमच्या ट्रॅकवरचा आवाज आहे. एका खोलीत बसून भरलंय ना? मग ढोलकी चारी मायकांत जाणारच."

"माझ्या मायकात? कोनाला इचारून?"

मी पेटीचा ट्रॅक लावला. मागे ढोलकी. कोरस लावला. मागे ढोलकी. जीव काढून टाकल्यासारखं गाणं लुळं पडलं होतं आणि तरी बाळाराम पलीकडच्या घरातून वाजवावं तसे वाजवतच होते. "तुना येत नाय," असं म्हणून नाना उठले. दोन रविवार बेल वाजली नाही. बिल्डिंगनं पंखे फुल्ल लावले.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण अर्धवट काम बघून मला स्वस्थता नाही, ही माझी खोड आहे. शनिवारी शाळेतून आले आणि उरलेली गाणी जुळवायला घेतली. जुळवताना ढोलकीच्या थापा स्पष्ट दिसाव्यात म्हणून तीन नंबर एकटाच लावला आणि हेडफोन घातले.

थापांच्या मधल्या जागेत कुणीतरी पुटपुटत होतं. जुन्या कॅसेटीत फितीचा एक वेढा दुसऱ्यावर उमटतो आणि पुढचा आवाज आधीच पुसट ऐकू येतो, असं मी वाचलं होतं. तेच असेल म्हटलं. पण हा आवाज नानांचा नव्हता. कडव्याची प्रत्येक ओळ सुरू व्हायच्या आधी कुणीतरी तिचे पहिले दोन शब्द हळूच सांगत होतं, आणि मग नाना गात होते. सगळ्या गाण्यांत तसंच.

मी नानांना बोलावून घेतलं. आले, पण फुगलेलेच. मी त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले. "नाना, ढोलकीच्या ट्रॅकवर हे पुटपुटणं आलंय. ते मात्र साफ करता येईल. करू?"

नाना ऐकत राहिले. एक गाणं संपलं, दुसरं लागलं, तेही संपलं. माझा हात माऊसकडे गेला तसे ते हेडफोनमुळे नको तितक्या मोठ्यानं बोलले, "हात लावू नको त्याला."

मग हेडफोन काढून मांडीवर ठेवले. "मना शब्द ध्यानात रात नसत, मास्तरीन. पयल्यापासून. लोक बोलत, नानाला दोनशे गानी पाठ हायत. मना दोन पन येत नवती. सगली त्याला पाठ. तो सांगाचा, मी गायचा. आमच्या दोघांशिवाय कोनाला म्हाईत नाय."

"त्यांनी कुणाला सांगितलं नाही? भांडण झाल्यावरसुद्धा?"

"नाय ना." नानांनी चष्मा काढून पुसला. "लय शिव्या दिल्या त्यानं मना. सगल्या सोसायटीसमोर दिल्या. पन ही गोष्ट नाय बोलला."

मी माऊसवरचा हात काढून घेतला.

"नातीला सबूद दिलाय, तुझ्या हलदीला मी गानार," ते म्हणाले. "म्हयना झाला घरात बसून बगतंय. पयली लाइन येते. फुडं काय नाय."

शिक्षिकेला जे सुचायचं तेच मला सुचलं. "मी मोठ्या अक्षरांत लिहून देऊ का, नाना? सगळे शब्द इथे आहेत."

"कागद बगून गायला मी काय बातम्या देतंय?" त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "तू जातीस का पाचव्यावर?"

"जाते की. काय सांगू?"

"सांग, हलदीला ये." लगेच स्वतःच म्हणाले, "नको. तसा सांगितलास तर नाय येनार. माझाच भाव हाय तो." ते उठले आणि माझ्याबरोबर दारापर्यंत आले. मी जिन्याच्या तीन पायऱ्या चढले तेव्हा मागून हळूच आवाज आला.

"सांग, नाना शब्द इसरला."