कमळची फेरी

शनिवारी संध्याकाळी दिव्यांच्या फेरीत कोणीही बोलायचं नाही, हे मृणालीने आजोबांना बुधवारी सकाळी भाकरी खाता खाता सांगितलं.

"कोनीच?" चांगदेवने विचारलं.

"कोणीच. शाळेपासून खाडीपर्यंत. बोललं की दिवा विझतो."

"असं शाळेतल्या ताई बोलल्या?"

"नाही. मलाच माहीत आहे. मागच्या वर्षी आजी बोलली आणि माझा विझला."

ती भाकरीचा तुकडा दुधात बुडवून खात राहिली. चांगदेवचा चहा मात्र कपातच राहिला. मागच्या वर्षीच्या फेरीनंतर तीन आठवड्यांनी कमळ, त्याची बायको, झोपेतच गेली होती. सहा वर्षांच्या पोरीने या दोन गोष्टी एकमेकींना बांधून ठेवल्या आहेत आणि वर्षभर कोणाला सांगितलेलं नाही, हे त्याला आत्ता कळत होतं. तसं काही नसतं, असं तो म्हणणार होता. पण कसं नसतं हे त्याला सांगता येईना.

"बरं," तो म्हणाला. "कोनी बोलनार न्हाय."

मृणालीची शाळा अंजूरच्या वेशीबाहेर एका जुन्या बंगल्यात भरते. वॉल्डॉर्फ पद्धतीची शाळा. हा शब्द गावाच्या जिभेवर बसत नाही, म्हणून सगळे तिला वालाची शाळा म्हणतात. तिथे मुलं पुस्तकाला हात लावायच्या आधी पीठ मळतात, लोकर विणतात, झाडावर चढतात. ही कामं आमची पोरं फुकटात करत होती, असं चांगदेवचा चुलतभाऊ केसरीनाथ चारचौघांत म्हणाला होता. पण कमळने हट्टाने नातीला तिथेच घातलं. तिथल्या बालवर्गांना फुलांची नावं आहेत. जास्वंद, सोनचाफा आणि कमळ. मूल तीन वर्षं एकाच वर्गात राहतं. मृणालीला कमळ मिळाला, तेव्हा आजी म्हणाली, "माझ्या नावाचा वर्ग हाय, आता दुसरीकडं कशाला जायचं." तेव्हापासून त्या घरात 'कमळ वर्ग' असं कोणी म्हटलं नाही. कमळचा डबा, कमळची सहल, कमळची मीटिंग. कमळ गेल्यावरही ते तसंच राहिलं. बदलायचं कोणाच्या लक्षात आलं नाही, की कोणाला बदलवलं नाही, कोण जाणे.

त्या दिवशी शाळेच्या फाटकात सरोजिनीताईंनी चांगदेवला थांबवलं. ही शाळा मोबाईलवर निरोप पाठवत नाही. ताईंनी हाताने लिहिलेला कागद दिला. त्यावर महिन्याभराचे कार्यक्रम होते. आधी दिव्यांची फेरी, मग नव्या तांदळाचा सण, मग मुलांनी विणलेल्या टोप्यांचं प्रदर्शन. फेरीपुढे लिहिलं होतं की पांढरे सुती कपडे घालावेत आणि घरून एक पदार्थ आणावा.

"काका, एक मदत हवी होती," ताई म्हणाल्या. "मागच्या वर्षी गोदामांचे मोठे दिवे चालू होते, ट्रक हॉर्न देत होते. मुलांना काळोखात शांतपणे चालायलाच मिळालं नाही. गावात तुमचा शब्द चालतो. तासभर तेवढं बघाल का?"

चांगदेव हो म्हणाला. त्यालाही तेच हवं होतं. घरी आल्यावर त्याने चष्मा लावला, ओट्यावर बसला आणि एका बोटाने गावाच्या ग्रुपवर टाकलं :

'शनिवारी सायंकाळी ६ वाजता कमळसाठी दिव्यांची फेरी आहे. शाळेपासून खाडीच्या बंधाऱ्यापर्यंत. वाटेतले दिवे बंद ठेवावेत. गाड्या थांबवाव्यात. कोणी बोलू नये. चांगदेव.'

दोनदा वाचून त्याने ते पाठवलं. दुपारपर्यंत त्याखाली साठेक जोडलेले हात आले. एका शाळेच्या कार्यक्रमाला गाव इतका मान देईल असं त्याला वाटलं नव्हतं. पुतण्या सागरने 'भावपूर्ण श्रद्धांजली' असं लिहिलेलं चित्र टाकलं होतं. पण सागरने तेच चित्र गावची क्रिकेट टीम हरली तेव्हाही टाकलं होतं, म्हणून चांगदेवने तिकडे लक्ष दिलं नाही.

संध्याकाळी केसरीनाथचा फोन आला. खाडीच्या वाटेवरची दोन्ही गोदामं त्याचीच.

"गाड्या बंद ठेवतो," तो म्हणाला. "तासभर काय, दिवसभर ठेवतो. तू निस्तं सांग."

"तासभर बास."

"मांडव?"

"मांडव कशाला? चालायचं हाय फक्त."

"आनि जेवन?"

"ज्यानं त्यानं घरून एकेक पदार्थ आनायचा, असं ठरलंय."

"लोकांनी आनायचा," केसरीनाथ म्हणाला. "बरोबर हाय. घरात बाई न्हाय तर करनार कोन. मी सांगतो सगळ्यांना."

त्याचा आवाज इतका नरम चांगदेवने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. शाळेच्या खाऊसाठी एवढं मनाला लावून घ्यायचं कारण त्याला कळलं नाही. पण माणूस चांगलं बोलत असताना कारण विचारू नये, असं त्याला वाटलं.

शनिवारी साडेपाचला मृणालीने त्याच्याकडून पुन्हा कबूल करून घेतलं. "शिंक आली तर?"

"दाबंन."

"खोकला?"

"खोकनार न्हाय."

तिने स्वतः केलेला कागदी कंदील धरला होता. पिवळ्या कागदावर पिंपळाची वाळकी पानं चिकटवलेली, वरून उघडा, आत मेणबत्ती. तिचा बाप मनोज काल्हेरच्या गोदामात शिफ्टला होता, आई दवाखान्यात ड्युटीवर. आजोबा एकटेच बरोबर आले तरी चालतील, असं तिने आईला सांगून टाकलं होतं.

शाळेच्या अंगणात अकरा मुलं आणि वीसेक पालक जमले होते. बहुतेक भिवंडी शहरातून आलेले, नोकरीवाले. त्यांत मृणालीच्या वर्गातल्या अनयचे वडील श्रीनाथ होते. फोटो काढले तर चालतील का, फ्लॅश नसेल तर चालतील का, आवाज बंद करून काढले तर चालतील का, असं ते ताईंना विचारत होते. ताई म्हणाल्या, "श्रीनाथजी, एकदा नुसतं चालून बघा." मग त्यांनी मेणबत्त्या पेटवल्या आणि लहानशी पितळी घंटा वाजवली. आता पुन्हा घंटा वाजेपर्यंत बोलायचं नाही.

त्याच क्षणी फाटकातून गाव आत आलं.

पुढे केसरीनाथ, पांढऱ्या सदऱ्यात, डोक्यावर टोपी. मागे दीडशे तरी माणसं. सगळी पांढऱ्या कपड्यांत, हातात पणत्या, समया, जुने कंदील. बायकांच्या डोक्यावर पदर आणि काखेत डबे. भजनी मंडळ टाळ-मृदंगासह आलं होतं. आणि मधोमध दाजी, चांगदेवच्या बहिणीचा नवरा. त्याने छातीशी कमळचा फोटो धरला होता. चांगदेवच्या घरातला, भिंतीवरचा, तो शाळेत निघाल्यावर उतरवून आणलेला. नवा हार घातलेला.

चांगदेवला सगळं एकदम कळलं. ओट्यावर बसून काय लिहिलं, ते अक्षरन् अक्षर डोळ्यांपुढे आलं. त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात मृणालीने त्याचा सदरा ओढला आणि ओठांवर बोट ठेवलं.

सांगायचं होतं एवढंच, की हे कमळचं नाही, कमळचं आहे. पण हे खुणेने सांगता येत नाही. तो दाजीकडे बघून मान हलवत राहिला. दाजीला वाटलं, माणसाला भरून आलंय. त्याने चांगदेवच्या पाठीवर हात ठेवला आणि फोटो कुठे न्यायचा ते भुवयांनी विचारलं. उत्तर मृणालीने दिलं. तिने आजीच्या फोटोकडे बघितलं, मग दाजीला हाताला धरून रांगेत सर्वांत पुढे, आपल्या शेजारी उभं केलं.

श्रीनाथ फोटो बघून दचकले. "मागच्या वर्षी होत्या ना या?" ते पुटपुटले. अनयने त्यांच्या पोटात कोपर मारलं.

फेरी निघाली. मृदंगवाल्याचा हात सवयीने वर गेला, तसं चांगदेवने मागे वळून ओठांवर बोट ठेवलं. मृदंगवाल्याने हात खाली घेतला. भजनाच्या बुवांनी टाळ वाजू नयेत म्हणून दोन्ही काखांत दाबले आणि मैलभर तसेच, कोपरं बाहेर काढून चालले. गोदामांचे दिवे बंद होते. कडेला ट्रक उभे होते आणि त्यांच्या पुढ्यात ड्रायव्हर हात जोडून उभे होते. शहरातल्या पालकांनी आधी गावाकडे बघितलं, मग आपापले मोबाईल खिशात टाकले. सरोजिनीताई मधूनमधून मागे वळून पाहत होत्या. चार वर्षं त्या ही फेरी काढत होत्या आणि दर वर्षी मोठ्यांना गप्प करता करता त्यांचा घसा बसायचा. आज फक्त पावलांचा आवाज येत होता.

चांगदेव कंदिलाकडे बघत चालला होता. ज्योत हलली की त्याचं पाऊल मंदावायचं. बंधारा दिसू लागला तेव्हा त्याला वाटलं, जमलं. मग खाडीवरून वारा आला. मृणालीची मेणबत्ती एकदा वाकली, सरळ झाली, आणि विझली.

ताईंनी घंटा वाजवली. कोणी बोललं नाही. गावाला घंटेचं काही माहीतच नव्हतं.

मृणाली कंदिलात बघत राहिली. मग तिने आजोबांकडे बघितलं. "कोण बोललं?"

"कोनी न्हाय."

"मी विचारते."

ती विझलेला कंदील घेऊन रांगेने निघाली. पहिला केसरीनाथ. "तुम्ही बोललात?" दोन गोदामांच्या मालकाने शाळकरी पोरासारखी मान हलवली. दाजीनेही हलवली. बुवांनी काखेतले टाळ दाखवले. शेवटच्या ट्रकचा ड्रायव्हर मागून चालत आला होता. तो म्हणाला, "नहीं बेटा, हमने तो इंजन भी बंद रखा था." धोंडूबाई कमळची शेजारीण, सत्तरी ओलांडलेली. तिने तर तोंडात पदराचा बोळाच धरला होता. तो तिने काढून दाखवला.

श्रीनाथ पुढे झाले. "मी बोललो," ते म्हणाले. "शाळेतच. एकदा."

मृणालीने विचार केला. "तेव्हा पेटलेला होता."

"हो."

"मग इथपर्यंत पेटलेलाच होता. आणि इथे कोणीच बोललं नाही."

"इथं वारा हाय," चांगदेव म्हणाला.

तिने कंदिलाच्या उघड्या तोंडावर हात धरून बघितला. दीडशे माणसं तिचा निकाल ऐकायला थांबली होती, आणि खटला कसला हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

"म्हणजे मागच्या वर्षीपण वाराच होता," ती म्हणाली.

"वाराच होता गं बाय."

"आजीने काही केलं नव्हतं."

"न्हाय. काय बी केलं नव्हतं."

तिने मान डोलावली आणि अनयच्या मेणबत्तीवर आपली पेटवून घेतली. चांगदेव बंधाऱ्याच्या दगडावर बसला.

धोंडूबाईने त्याच्याजवळ येऊन हळूच विचारलं, "आता बोललं तर चालंल काय?"

"चालंल."

"मग आयक. आज तिचं वरीस कसं घातलंस तू? यंदा अधिक महिना आला. तिची तिथी अजून महिनाभर लांब हाय. मी बुधवारपासून सांगनार होते, पन तूच लिवलंस कोनी बोलू नये."

चांगदेवने खाली बघून सगळं सांगितलं. वर्गाचं नाव, ताईंचा कागद, सगळं. केसरीनाथने टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. "म्हंजे परत यायचं," तो म्हणाला.

"या. तवा बोला पाहिजे तेवढं."

डबे उघडले गेले. गावातल्या प्रत्येक घराने वालाचं बिरडं आणलं होतं, त्यामुळे पालकांना वाटलं की हा शाळेच्या नावाचाच मान आहे. दाजीने फोटो दगडाला टेकवून ठेवला होता. मृणाली त्याच्यापुढे कंदील ठेवून बसली होती. चांगदेव तिच्याजवळ सरकला.

"आजी काय बोलत होती गं तवा? दिवा विझला तवा?"

"तुमचंच," मृणाली म्हणाली. "की यायला सांगितलं होतं आणि तुम्ही आला नाहीत. घरी मॅच बघत बसलात. तिने सगळ्यांना सांगितलं. एकेकाला."

"एकेकाला?"

"ताईंनापण."

चांगदेवने वर बघितलं. सरोजिनीताई हातात बिरड्याची वाटी घेऊन उभ्या होत्या. "हो काका," त्या म्हणाल्या. "सांगितलं होतं."

"मलाही," श्रीनाथ म्हणाले.

"दुसऱ्या दिवशी मना बी सांगितलं," केसरीनाथ म्हणाला. "गोदामात येऊन."

चांगदेव एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. "मना कुनीच कसं बोललं न्हाय?"

धोंडूबाईने डब्याचं झाकण लावलं. "तीच बोललेली," ती म्हणाली. "ह्यांना सांगू नका, वाईट वाटंल त्यांना."