पोशा तांडेलांचे मस्तक हसूराम नाखव्यांचे इंजिनास बसले ती हकीगत

दर्यादेव साक्ष, सुकाणूस वंदन. शके १९४१, विकारी नाम संवत्सरे, आषाढमासी, पावसाळ्यामुळे दर्या मासेमारीस बंद असता, पश्चिमतीरीचे एका राज्यी वर्तमान जाहले ते ऐसे जे, हसूराम नाखवे यांचे गलबतावरील जुने इंजिन, ज्यास नाखवे प्रेमे आबा म्हणत, त्याचे हेडास, म्हणजे मस्तकास, चीर पडली आणि पाणी तेलात मिसळले आणि आबांनी मौन धरिले. तेव्हा नाखव्यांचे युवराज बोलिले, "बाबा, नवा इंजिन बसवू, याला भंगारात देऊ. नारली पुनवंपर्यंत हेड गावला तर ठीक, नायतर नाय." नाखवे मनी म्हणाले, जन्मभर ज्याचे धडधडीवर झोप लागली, त्यास भंगारात कैसे घालावे? मग स्वारी शोधास निघाली आणि बंदरोबंदरी भंगारवाल्यांचे दरबार धुंडिले, आणि जो तो म्हणे, "हे मॉडेल केव्हाच बंद झालं, काका." एके ठायी हिरवे हेड दिसले, आबांचाच रंग, म्हणोन नाखवे भुलले आणि मोठ्या थाटाने घेऊन आले, तो बोल्ट बसले परंतु पाण्याची भोके जुळेनात, आणि सारा कोळीवाडा तोंडास पदर लावून हसला.

खरे सांगावे तर हेड कोठे आहे हे नाखव्यांस प्रथमपासून ठाऊक होते. मोडीत निघाल्या एका जहाजातून दोन जुळी इंजिने आली, त्यात एक यांनी घेतले आणि दुसरे यांचे जिवलग मित्र पोशा तांडेल यांनी. पुढे जाळ्यात जाळे अडकले आणि शब्दास शब्द लागला आणि अबोला पडला तो पडलाच. तांडेलांचे गलबत मोडले, परंतु इंजिन त्यांनी पडवीत ठेविले आणि रोज त्यापाशी बसोन राहत. ते दार चुकवावे म्हणोनच नाखवे मुलूखभर हिंडले.

पुनव तोंडावर आली. त्या राज्याचा रिवाज ऐसा की, परक्या इंजिनाचा भाग मागावा तो मुलगी मागितल्यासारखा, खण-नारळ घेऊन. मग नाखवे नवा सदरा घालून पडवीपुढे उभे राहिले. तांडेल बोलिले, "इतकी वर्सं त्वांड नाय दावलास, आन आता डोका मांगाला आयलास?"

"पोशा," नाखवे म्हणाले, "तुझा पडवीत परलाय, माझा भंगारात चाललाय. एक तरी जगूं दे."

तांडेलांनी नारळ घेतला आणि पाना मागविला आणि कोणास हात लावू न देता एकेक नट स्वये सोडिला, आणि शेवटला नट हटेना तो नाखव्यांनी पान्यास हात दिला. मग मस्तक बांबूस बांधोन बंदरी नेले आणि बसविले आणि भोके जुळली, आणि तांडेलांनी हँडल मारिता आबा खोकले आणि काळा धूर सोडोन धडधडू लागले.

"माझ्याच इंजिनाचा आवाज," ऐसे म्हणोन तांडेल डोळे पुशीत उतरू लागले, तो नाखव्यांनी दंड धरिला. "तू कंय चाललास? डोका तुझा हाय. त्येच्यासंगं तू पन."

सारांश, पुनवेस गलबत निघाले, सुकाणूवर हसूराम आणि इंजिनापाशी पोशा. आबांस किती रेटावे यावरून दोघे बंदर सुटण्याआधीच भांडू लागले, आणि कोणीही उतरले नाही.