भालोबांचा ढेकर

बाळांनो, एका जंगलात आजाऱ्याला भेटायला कुणी रिकाम्या हातानं जात नसे. काढा नेत. आधी पाहुण्यानं करवंटीतून एक घोट घ्यायचा, मग त्याच करवंटीतून आजाऱ्यानं. करवंटी साऱ्या जंगलात मिळून एकच. वेगळी मागणं म्हणजे नातं तोडणं.

भालोबा अस्वलाच्या पोटात पाच महिने जळजळत होतं. दोन घास खाल्ले की पोट टम्म. समोरच्या आंब्यावर मधाचं पोळं होतं. बायकोनं देवाघरी जाण्याआधी ते दाखवून ठेवलं होतं. "भरलं की खा, घाई करू नका," म्हणाली होती. आता पोळं भरलं होतं आणि भालोबांना थेंबभर मध सोसत नव्हता.

वानरीणकाकू ओव्याचा काढा घेऊन आल्या. कोल्हेभाऊ हिंगाचा.

"वायू आहे," घोट घेऊन काकू म्हणाल्या.

"काळजी आहे," कोल्हेभाऊ म्हणाले आणि त्यांनीही घोट घेतला.

हळूहळू दोघंही ढेकर देऊ लागले. मग हरणं, मग साळिंदर, मग खुद्द सिंहमहाराज.

शेवटी भालोबा सुतारपक्षिणीकडे गेले. डॉक्टरीणबाईंनी पोटावर टकटक केली, तपासण्या केल्या.

"पोटाच्या आतल्या अस्तरात जंतू ठाण मांडून बसलेत. त्यांच्यामुळं अस्तर सुजलंय, म्हणून ही जळजळ. चौदा दिवस औषध. मध्येच सोडायचं नाही. आणि ती करवंटी बंद."

"बंद कशी करू? लोक काय म्हणतील?"

"लोक ढेकर देतील. दुसरं काय करतात?"

भालोबांनी चौदा दिवस दार लावून औषध घेतलं. महिन्याभरात पोट निवलं आणि ते सभेला गेले. तिथं महाराजांपासून सशापर्यंत सगळे ढेकर देत होते.

"बरं नाही का हो?" काकूंनी विचारलं. "ढेकर नाही आला तुम्हाला."

"मी बरा आहे."

"आजारी असंच म्हणतात."

संध्याकाळी सारं जंगल दारात. पुढे काकू. एक घोट घेऊन त्यांनी करवंटी पुढे केली.

भालोबांनी करवंटीकडे पाहिलं. मग पोळ्याकडे. मग छाती भरून श्वास घेतला आणि असा ढेकर दिला की पोपटांचा थवा उडाला, ससा खड्ड्यात पडला, काकूंचं शेपूट ताठ झालं आणि करवंटी उपडी झाली.

"आला, आला. बरे झाले भालोबा," म्हणत सगळे नाचत घरी गेले.

भालोबा आंब्यावर चढले. मधात बोट बुडवलं. थोडा वेळ तसंच धरून ठेवलं. मग चाटलं. पोट काहीच बोललं नाही.

तात्पर्य: बरं व्हायला चौदा दिवसांचं औषध पुरतं. बरं राहायचं असेल तर मात्र शेजाऱ्यांच्या समाधानासाठी रोज एक ढेकर द्यावा.