काळ्या पडद्याची बचत

येरमाळ्याच्या दगडोबांनी तीस वर्षं वायरमनकी केली. रिकाम्या खोलीत बल्ब दिसला की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. त्यामुळं पुण्यात नोकरीला असलेल्या लेकीनं, शिवांजलीनं सांगितलं, "आबा, आमच्या कंपनीची मोहीम आहे. फोनचा पडदा काळा करा, वीज वाचवा," तेव्हा त्यांनी लगोलग बायकोचा फोन काळा केला. लेकीची मोहीम म्हटल्यावर सुरुवात घरापासून नको का!

आता मथुराबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू. दगडोबा संध्याकाळी चौकात गेले की लेकीचा फोटो दाबायचा, तिचं तोंड बघायचं आणि मगच भाकरी थापायची, हा त्यांचा नेम. काळ्या पडद्यावर त्यांना काही दिसेना. त्यांनी ट्यूब लावली, ओसरीतला बल्ब लावला, वर बॅटरी धरली आणि अंदाजानं बोट ठेवून एका दमात म्हणाल्या, "लई दिस झालं, उद्याच ये!"

दुसऱ्या दिवशी कडबावाला व्यंकट शंभर पेंढ्या घेऊन दारात उभा. घरात शेळीसुद्धा नव्हती.

तेव्हापासून मथुराबाईंनी फोन ज्वारीच्या डब्यात टाकला. नवऱ्याची हौस कशाला मोडा, म्हणून तोंडातून अवाक्षर काढलं नाही. रोज संध्याकाळी ओसरीतला बल्ब लावून नुसत्या दाराकडं बघत बसायच्या. तिकडं आईचा फोन बंद झालेला बघून शिवांजली हवालदिल. तिनं चौकात बसलेल्या दगडोबांना फोन लावला.

"आबा, आई रुसलीय का?"

"न्हाय गं, ठणठणीत हाय," असं दगडोबांनी सांगून टाकलं.

लेकीचा काही विश्वास बसेना. पण सुट्टी मिळेल तर शपथ! शेवटी तिनं साहेबांना गळ घातली, "जाहिरातीला आदर्श घर हवंय ना? आमचंच घ्या."

ज्या दिवशी ती यायची, त्याच सकाळी दगडोबांनी मीटर बघितलं आणि थेट बायकोला गाठलं. वापर वाढला होता! मथुराबाईंनी सगळं कबूल केलं. दगडोबा तसेच मोबाइल दुरुस्तीवाल्या हैदरकडं गेले.

"चाचा, हा जुना फोन. पडद्यामागं दिवा आहे, तो जळतोच. काळा करा नाहीतर पिवळा."

दुपारी शिवांजली, तिचे साहेब कृष्णराज आणि कॅमेरावाले आले. दारात त्यांची गाडी एसीसाठी तासभर चालूच. ओसरीत शूटिंगचे दोन मोठाले दिवे लागले. दगडोबांना धड बसवेना.

"काका, काळ्या पडद्यानं किती वीज वाचली?"

दगडोबांनी लेकीकडं बघितलं. विजेच्या बाबतीत ते जन्मात खोटं बोलले नव्हते. "साहेब, वाचली न्हाय, वाढली. आन् खरंच वाचवायची आसंल तर आधी ती गाडी बंद करा."

शिवांजलीनं डोळे गच्च मिटले. गेली नोकरी! कृष्णराज घाईघाईनं मथुराबाईंकडं वळले. "काकू, तुम्हाला तरी काही फायदा झाला का?"

"झाला की! वरीसभरानं पोरगी घरला आली."

"हेच वाक्य घ्या," साहेब म्हणाले आणि स्वतः जाऊन गाडी बंद करून आले.

जाहिरात झाली, शिवांजलीची नोकरीही राहिली. जाताना तिनं आईचा फोन पुन्हा पांढरा करून, स्वतःचा फोटो सगळ्यात वर मोठा लावून दिला.

महिनाभर रोज बोलणं झालं. मग एका संध्याकाळी दगडोबा चौकात निघाले, तर मथुराबाईंनी फोन त्यांच्या हातात दिला.

"काय झालं? दिसंना का?"

"चांगलं दिसतंय," मथुराबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या. "पर तुमी ते परत काळं करा की!"