घंटा दुसऱ्यानं वाजवायची

आमच्या उचगावच्या मारुतीला हवालदार आण्णा रोज संध्याकाळी जायचे, पण घंटा कधी स्वतः वाजवायचे नाहीत. नव्वद सालाच्या सुमारास पलटणीतून निवृत्त होऊन आलेला हा माणूस देवासमोर सावधान उभा राहायचा आणि मागून कुणी घंटा वाजवेपर्यंत हात जोडायचा नाही. कुणी आलंच नाही, तर रस्त्यावर जाऊन गिऱ्हाईक पकडायचा. एकदा सायकलवरच्या दूधवाल्याला अडवलं.

"पावणं, एवढी घंटा वाजवा की."

"आण्णा, तुमास्नी हात न्हाईत व्हय?"

"हाईत की. ते जोडाय लागत्यात."

घंटा वाजली की आण्णा डोळे मिटायचे. वाजवणाऱ्याकडे वळूनही बघायचे नाहीत. मला त्याचा राग यायचा. शिरोलीच्या फौंड्रीतून दमून यावं, यांच्यासाठी घंटा बडवावी, आणि समोर नुसती पाठ.

एरवी माणूस गरीब गाय. प्रत्यक्ष लढाईवर गेलेला, पण पारावर कुणी लढाईचं काढलं तर म्हणायचे, "थंडी लई हुती." संपली लढाई.

आण्णांची उंची बेताची. घंटेला हात पुरत नाही आणि सांगायची लाज वाटते, असा शोध गावानं लावला. मग मी फौंड्रीतून साखळीचा तुकडा आणला आणि आम्ही घंटा हातभर खाली घेतली. संध्याकाळी सगळे कौतुकानं थांबलो. आण्णांनी घंटेकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"वर घ्या की," ते म्हणाले. "म्हादूचा हात वरनं यायचा."

म्हादू कबनूरचा, चौकीवरचा त्यांचा जोडीदार. डोंगरात पत्र्याखाली दोघांनी मारुती मांडला होता. म्हादू ताडमाड. मागून आण्णांच्या डोक्यावरून हात घालून तो घंटा वाजवायचा, आण्णा हात जोडायचे. लढाईत म्हादू गेला. आण्णांनी हे खाली बघत सांगितलं.

साखळी निघाली. आता फौंड्री सुटली की मी आधी देवळात जातो. उंची माझीही बेताचीच, पण टाचा उंचावून आण्णांच्या डोक्यावरून हात घालतो. परवा न राहवून म्हणालो, "आण्णा, एकदा तरी मागं वळून बघा की."

आण्णांचे डोळे मिटलेलेच होते.

"नगं," ते म्हणाले. "मागं बघितलं की तू दिसतूस."