चालत निघालेली गोळी

चौथ्यांदा नळी कापल्यावर रायफलीतून सुटलेली गोळी चालत निघाली, आणि गोळीबार मैदानावरचे आम्ही सगळे तिच्याकडे बघत उभे राहिलो.

नळ्या कापण्याचे चारही आदेश मीच टाइप केले होते. मी पोलीस मुख्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. शस्त्रागारासाठी आलेली लोखंडी कपाटं रायफलींपेक्षा बुटकी निघाली. ती परत करायची तर नव्याने निविदा काढावी लागली असती, म्हणून नळ्या कापायचं ठरलं. पहिल्यांदा सहा इंच कापल्या. मग कडी बसेना म्हणून तीन, मग तळाला रबर अंथरलं म्हणून दोन, आणि शेवटी खंडेनवमीच्या पूजेची तसबीर वरच्या कप्प्यात मावेना म्हणून आणखी पाच.

शस्त्रागार सांभाळणाऱ्या हवालदार वाघचौरेबाईंनी दर वेळी लेखी हरकत घेतली. दारू पेटली की तिचा वायू गोळीला मागून रेटतो, पण ती नळीत आहे तोवरच. नळी आखूड केली की रेटा लवकर संपतो आणि वेग घटतो. एवढं साधं त्यांचं म्हणणं. मी चारही हरकती इमानेइतबारे फाईलला लावल्या. आमच्याकडे हरकत फाईलला लागली की तिचं समाधान झालं असं समजतात.

त्या सकाळी चाचणी होती. बाईंनी दाखल्यावर ‘वेग पूर्ववत’ लिहून सही केली की रायफली ट्रकमधून जंगलातल्या चौकीवर जाणार होत्या. त्या चौकीवर बाईंचा धाकटा भाऊ नेमणुकीला होता.

बार झाला. नळीच्या तोंडाशी हातभर भडका उठला, कानठळ्या बसल्या. मग गोळी बाहेर आली, गवतावर उतरली आणि लक्ष्याच्या दिशेने चालू लागली.

अठरा मिनिटं झाली तरी ती वीस पावलांवरच होती. अधीक्षक खर्डेकरसाहेबांनी कर्णा उचलला. “जरा पाय उचल.”

“कुठून उचलू?” गोळी न थांबता म्हणाली. “रेटा अंगात भिनायच्या आत दार आलं. तुम्ही दिलंत तेवढंच चालणार.”

साहेबांना उद्धटपणा खपत नाही. ते बाईंकडे वळले. “वाघचौरे, गोळी पुढे जाते आहे ना? मग वेग आहे. लिहा, पूर्ववत.”

“नाही लिहिणार, साहेब.”

“आदेश आहे हा.”

“असू दे. गोळी चालत गेली, असं लिहीन. ह्या रायफली घेऊन माझा भाऊ काय करील तिथे? समोरच्याला जरा थांबा म्हणेल?”

“मग तुम्ही निलंबित. आत्ताच्या आत्ता मैदान सोडा.”

बाई जागच्या हलल्या नाहीत. “सोडता येत नाही, साहेब. सुटलेली गोळी पोहोचेपर्यंत कोणी जागा सोडायची नाही आणि फाटक उघडायचं नाही. नियमावर तुमचीच सही आहे. ट्रकसुद्धा आतच राहील.”

हे गोळीने ऐकलं असावं. ती थांबली. वळून तिने एकदा बाईंकडे पाहिलं आणि तिथेच गवतात बसली.

साहेबांनी तिला दोनदा उठायला सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तिने पाय पसरले. मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी खोकलो. चार आदेश टाइप करताना मला एकदाही खोकला आला नव्हता, ह्याची त्याच क्षणी लाजही वाटली.

“लिहून घ्या,” साहेब मला म्हणाले. “गोळीने तात्काळ उठून लक्ष्यापर्यंत जावे.”

बाई माझ्याकडे बघत होत्या. मी पेनाला टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं.

“नाही, साहेब,” मी म्हणालो.

फाटकाजवळ ट्रकवाल्याने इंजिन बंद केलं आणि डबा उघडला.