सात नंबरची डीव्हीडी

गुरुवारी सकाळी संगणकातून टिकटिक असा आवाज यायला लागला, तेव्हा नमुनेकरांच्या बायकोला वाटलं, आता घाई करायला हवी. नमुनेकरांना वाटलं, आता चाचणी करायला हवी. पुढच्या पाच दिवसांचा सगळा घोळ या एवढ्याशा फरकातून झाला.

नमुनेकर हे त्यांचं आडनाव नव्हे. सिमेंट तपासणाऱ्या प्रयोगशाळेत त्यांनी बत्तीस वर्षं काढली होती. आलेल्या प्रत्येक गोणीतून नमुना घ्यायचा, त्याचे ठोकळे पाडायचे आणि अठ्ठावीस दिवस वाट पाहून ते यंत्राखाली फोडायचे, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर ठोकळे राहिले मागे, सवय तेवढी घरी आली. नवी छत्री आणली तरी ती आधी नळाखाली उघडून बघत. म्हणून शेजाऱ्यांनी हे नाव पाडलं, आणि ते त्यांना असं काही चिकटलं की टपालवालाही खालून तीच हाक मारायचा.

बायको शिवणाचे वर्ग घ्यायची. सगळा मोहल्ला तिला बाई म्हणायचा. बारा वर्षांत तिनं एकेक करून चाळीस धडे व्हिडिओवर घेतले होते. माप कसं घ्यायचं इथपासून ते गळ्याची पट्टी उलटू नये म्हणून काय करायचं इथपर्यंत. ते सगळे धडे त्या टिकटिकणाऱ्या संगणकात होते आणि दुसरीकडे कुठेही नव्हते. मुलींच्या प्रशिक्षण केंद्राच्या प्राचार्यबाईंनी ते अभ्यासक्रमाला लावायचं कबूल केलं होतं. मंगळवारी द्यायचे होते, आणि द्यायचे होते डीव्हीडीवरच, कारण केंद्रातल्या टीव्हीखाली एक जुनापुराणा प्लेअर होता. तो कधी कुठली डीव्हीडी चालवेल आणि कुठली तोंडावर फेकेल, याचा नेम नव्हता. हे धडे पुन्हा करणं बाईंना शक्य नव्हतं. दोन वर्षांपासून सांधे धरले होते, आणि कात्री पूर्वीसारखी बोटांचं ऐकत नव्हती. त्या हे कुणाजवळ बोलत नसत, पण नमुनेकरांना ते माहीत होतं.

"एक डीव्हीडी काढा आणि मोकळे व्हा," बाई म्हणाल्या.

"कुठल्या रायटरवर काढू?"

"जो हाताशी असेल त्यावर."

नमुनेकरांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं न तपासलेल्या सिमेंटचा स्लॅब टाकायला सांगितला होता. तासाभरात त्यांनी डीव्हीडी लिहिणारे, बाहेरून जोडायचे तीन रायटर गोळा केले. एक स्वतःचा, एक वरच्या मजल्यावरच्या शिक्षकाचा आणि एक मेहुण्याचा. मेहुणा म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ. त्याचं संगणकाचं दुकान होतं. लग्नात त्यानं दिलेलं घड्याळ आठव्या दिवशी बंद पडलं होतं, तेव्हापासून त्याच्या हातचं काहीही नमुनेकर संशयानंच घेत. म्हणूनच निकाल निःपक्षपाती हवा होता. तिन्ही रायटर त्यांनी बाईंच्या कापडाच्या एकसारख्या पिशव्यांत घातले आणि आपण शेजारच्या खोलीत असताना अदलाबदल करून क, ख, ग अशी नावं द्यायला बाईंना सांगितलं. कुठला कुणाचा ते चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी तिनं पाकिटात बंद केली. चाचणी पूर्ण होईपर्यंत पाकीट उघडायचं नाही, असं ठरलं.

"तोवर सगळं एका पेनड्राइव्हवर तरी घालून ठेवा," बाईंनी सुचवलं.

"आधी डीव्हीडीचं ठरू दे. एका वेळी एकच तपासायचं असतं."

बाई शिवणयंत्राकडे वळल्या. अठ्ठावीस दिवसांची चाचणी हे पाच दिवसांत उरकताहेत, हीच मोठी गोष्ट आहे, असं त्यांनी मनाशी म्हणून घेतलं.

शुक्रवारचा दिवस डीव्हीडी राइट करण्यात गेला. तीन रायटर आणि चार कंपन्यांच्या कोऱ्या डीव्हीडी, म्हणजे एकूण बारा. प्रत्येकीवर चाळीसच्या चाळीस धडे, कारण खोट्या वजनावर खरी ताकद कळत नाही, असं नमुनेकरांचं मत होतं. स्टॉपवॉच लावून ते प्रत्येक रायटरसमोर बसले. क ला नऊ मिनिटं लागली. ख सात मिनिटांत उरकायचा, पण घोरायचा. ग ला आठ मिनिटं लागली आणि आवाजही नव्हता. प्रत्येक डीव्हीडीवर नंबर पडला, वहीत नोंद झाली. संगणक मधूनमधून टिकटिकत होता आणि नमुनेकर त्याला "थांब जरा" म्हणत होते.

शनिवारी सकाळी पिशवीत बारा डीव्हीडी घेऊन ते वेगवेगळ्या प्लेअरवर त्या चालवून बघायला निघाले. घरचा प्लेअर झाला, शिक्षकाचा झाला, कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याचा झाला. शेवटी दातांच्या डॉक्टरांकडे गेले, कारण त्यांच्या बाहेरच्या खोलीत सगळ्यांत जुना प्लेअर होता. तिथे गाल सुजलेली चार माणसं तासभर काजं कशी करायची ते बघत बसली. त्यातल्या एका गृहस्थांचा नंबर लागला तरी ते उठेनात, दुसरी बाजू कशी बांधतात ते पाहून जातो म्हणाले. बाराच्या बारा डीव्हीडी सगळीकडे चालल्या. नमुनेकर घरी परतले ते थोडे नाराज होऊन. सगळेच नमुने पास झाले की त्यांना कसंसंच व्हायचं.

तेव्हा रविवारी टिकाऊपणाची चाचणी झाली. डीव्हीडी खिडकीत उन्हात ठेवल्या, बादलीत बुचकळल्या, सेफ्टी पिनेनं ओरखडल्या आणि टेबलावरून खाली सोडल्या. मग एकेक प्लेअरमध्ये घातली. अकरा डीव्हीडी कुरकुरत का होईना, चालल्या. सात नंबरची मात्र चालली नाही. प्लेअरनं ती घेतली, विचार केला आणि बाहेर काढली. नमुनेकरांनी ती उजेडात धरली. राइट केलेल्या डीव्हीडीवर दिसतो तो गडद पट्टाही तिच्यावर उरला नव्हता. काल चार ठिकाणी चाललेली डीव्हीडी आज पाटीसारखी कोरी. त्यांच्या अंगावर काटा आला. उन्हानं मजकूरच उडून गेला होता. असा शोध आपल्याआधी कुणाला लागला नसेल, या विचारानं त्यांना दुपारी डुलकीही लागली नाही.

सोमवारी दुपारी नऊ पानांचा अहवाल तयार झाला. सात नंबरची डीव्हीडी ख रायटरवर काढलेली होती. ख च्या बाकीच्या तीन ठीक होत्या, पण एक ठोकळा फुटला की अख्खी गोणी नापास, हा प्रयोगशाळेचा नियम. मग त्यांनी पाकीट उघडलं. ख मेहुण्याचा निघाला. नमुनेकरांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते बत्तीस वर्षांच्या नोकरीतही कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी लगेच मेहुण्याला फोन लावला आणि तुझा रायटर उन्हात टिकणारं काही लिहीत नाही, असं पुराव्यासह ऐकवलं. मेहुण्यानं नऊच्या नऊ पानं ऐकून घेतली. शेवटी म्हणाला, "भाऊजी, तुमची तब्येत बरी आहे ना?"

फोन ठेवून नमुनेकरांनी पक्कड घेतली आणि बाराही डीव्हीडी एकेक करून मोडल्या. यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. तपासलेला नमुना चुकूनसुद्धा चांगल्या मालात मिसळता कामा नये, म्हणून तो तिथल्या तिथे मोडून टाकायचा, हे त्यांनी हजारो ठोकळ्यांच्या बाबतीत केलं होतं. तुकडे कचऱ्याच्या डब्यात गेले. आता पहिला आलेला ग रायटर लावायचा, एक स्वच्छ नवी डीव्हीडी घालायची आणि उद्या बाईंच्या हातात ठेवायची, एवढंच बाकी होतं.

ते संगणकासमोर बसले आणि त्यांच्या लक्षात आलं की टिकटिक थांबली आहे.

"बघ, आपोआप बरा झाला," असं ते स्वतःशीच म्हणाले. मग पडद्यावर पाहिलं. पडदा काळा होता. बंद करून चालू केला, तरी काळा. तारा काढून पुन्हा लावल्या, बाजूला हलकेच थापट्या मारल्या, तरीही काळा. त्यांनी वळून कचऱ्याच्या डब्याकडे पाहिलं आणि पुन्हा मेहुण्याला फोन लावला.

मेहुणा ताबडतोब आला. मघाचं बोलणं त्यानं मनात ठेवलं नाही, हे त्याचं मोठेपण. हार्ड डिस्क काढून त्यानं आपल्या यंत्राला लावली, कान लावला, पुन्हा लावली आणि मान हलवली. "भाऊजी, ही गेली. दुसरीकडे कॉपी असेल ना?"

नमुनेकरांनी डबा दाखवला. मेहुण्यानं त्यात डोकावून पाहिलं, एक तुकडा उचलला, परत ठेवला आणि चपला घालून बाहेर जाऊन उभा राहिला.

सहा वाजता बाई बाजारातून आल्या. एवढा वेळ नमुनेकर एकच वाक्य जुळवत बसले होते, आणि ते काही केल्या जुळत नव्हतं. बारा वर्षं ही बाई रात्रंदिवस लोकांचे कपडे शिवून मधल्या वेळात धडे घेत होती, कॅमेऱ्यासमोर चुकलं की उसवून पुन्हा शिवत होती. आणि आपण ते पकडीनं मोडलं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना तिच्यासमोर एवढी भीती कधी वाटली नव्हती, आणि एवढी लाजही.

"अगं, तुझे धडे गेले," ते म्हणाले. "संगणक गेला आणि डीव्हीडी मीच मोडल्या. बारा होत्या. बाराही मोडल्या."

बाई पिशवी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. "अकरा," त्या म्हणाल्या.

"बारा. मोजून मोडल्या."

"अकरा मोडल्यात. बारावी कोरी होती." त्यांनी पिशवी खाली ठेवली. "शनिवारी दुपारी तुम्ही झोपलात तेव्हा केंद्रातून शिपाई आला होता. आमचा प्लेअर लहरी आहे, एखादी डीव्हीडी आधी चालवून बघायला द्या, असा प्राचार्यबाईंचा निरोप. कडेला होती ती दिली. तुमची रांग मोडायला नको, म्हणून तिच्या जागी कोरी ठेवून तिच्यावर सात घातला."

नमुनेकर खुर्चीतून उठले. "मग तिथे चालली?"

"चालली म्हणजे काय. आज सकाळी पाच धडे शिकवूनसुद्धा झाले. प्राचार्यबाईंचा फोन होता. मी तुम्हाला सांगणारच होते, पण तुम्ही अहवालात होतात." एवढं बोलून बाईंनी डब्याकडे पाहिलं, आणि आता कुठे त्यांना नीट कळलं की जगात तेवढी एकच उरली आहे. त्या मटकन स्टुलावर बसल्या. "अहो, नाही म्हणाले असते मी त्या शिपायाला. मंगळवारीच या, म्हणणार होते."

नमुनेकरांचा जीव भांड्यात पडला होता, पण ते अजून डब्यातले तुकडे चाचपत होते. बाईंनी त्यांचे हात धरून ठेवले. दारात उभ्या असलेल्या मेहुण्याला सगळं ऐकू आलं होतं. उन्हात मजकूर उडवणारा रायटर आपलाच, याचा त्यानं एका शब्दानंही उच्चार केला नाही. फक्त चहा मागितला, आणि तो नमुनेकरांनी स्वतः करून दिला.

दुसऱ्या दिवशी नमुनेकर मेहुण्याच्या दुकानातला संगणक आणि मेहुण्याचाच रायटर घेऊन केंद्रात गेले. प्राचार्यबाईंची परवानगी काढून तिथेच त्या डीव्हीडीची एक प्रत काढली. ती निघाली. त्यांनी ती उन्हात धरली नाही, की बुचकळली नाही. नुसती छातीशी धरली आणि दुसरी काढायला घेतली. मग तिसरी. संध्याकाळी केंद्राचा शिपाई कुलूप घेऊन येऊन उभा राहिला, तेव्हा चौतीस झाल्या होत्या.

त्यातली एक प्रयोगशाळेतल्या जुन्या सहकाऱ्याकडे आहे, एक दातांच्या डॉक्टरांकडे, सात मेहुण्याच्या दुकानात. मुलीच्या सासरी दोन पाठवल्या, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या टपालानं. अजूनही त्यांच्याकडे कुणी पहिल्यांदाच गेलं, तर निघताना नमुनेकर आतून एक डीव्हीडी आणून हातात देतात. आपल्याला शिवण येत नाही, घरी प्लेअरही नाही, असं पाहुणा संकोचून सांगू लागतो.

तेव्हा बाई हळूच म्हणतात, "घेऊन जा हो. चालवू नका हवं तर. नुसती कपाटात असू द्या, म्हणजे यांना झोप लागते."